घर सोडल्याची पावती

निघायच्या दिवशी बाबांनी माझ्या हातात एक फाइल ठेवली. निळ्या पुठ्ठ्याची, आत पांढरा टॅग ओवलेला, आणि पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरातली अनुक्रमणिका: अनुक्रमांक, कागदाचा तपशील, तारीख, शेरा. आत कागद एकही नव्हता. आई बॅगेचं वजन चौथ्यांदा करत होती, माझी बायको वैशाली पासपोर्ट पुन्हा पुन्हा चाचपत होती, खाली विमानतळाला नेणारी गाडी हॉर्न देत होती, आणि बाबा मला सांगत होते की पंच कागदाच्या बरोबर मध्यावर मार, नाहीतर कडा दुमडतात. "कागद हरवला की खरा माणूसही खोटा पडतो," हे त्यांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशीही त्यांनी तेच म्हटलं. त्यांना दुसरं काही म्हणायचं असावं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा गाडी एक्सप्रेस वेला लागली होती.

बाबा चिंचवडच्या एका शाळेत क्लार्क होते, शेवटची काही वर्षं हेड क्लार्क. शिक्षकांची पगारबिलं, रजेचे हिशेब आणि वर्षअखेरीला प्रत्येकाचा फॉर्म सोळा, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, हे त्यांचं काम. फेब्रुवारीत सगळे शिक्षक आपापल्या पावत्या घेऊन त्यांच्या टेबलाशी यायचे. विम्याचा हप्ता, मुलांची फी, घरकर्जाचं व्याज, कुठे दिलेली देणगी. बाबा एकेक पावती वाचायचे आणि त्यातून त्यांना सगळं कळायचं. कुणी यंदा हप्ता भरलेला नाही, कुणाच्या मुलीनं कॉलेज बदललंय, कोण अपंग भावाला गुपचूप सांभाळतंय. "माणसाच्या वजावटी बघाव्यात, त्याचं घर कळतं," असं ते म्हणायचे. पण कुणाचं घर कळलं, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

या सगळ्या वजावटींत त्यांची लाडकी एकच होती, स्टँडर्ड डिडक्शन. पगारातून एक ठरावीक रक्कम सरळ वजा. काही दाखवायचं नाही, काही जोडायचं नाही. मधल्या काळात सरकारनं ती काढून टाकली तेव्हा बाबा दोन दिवस असे गप्प होते, जणू शेजारच्या टेबलावरच्या माणसाची बदली झाली आहे. आई हसली तर म्हणाले, "अगं, माणूस नोकरी करतो म्हणजे त्याला काही खर्च पडत असणारच, एवढी एकच गोष्ट सरकार आपल्या शब्दावर मानत होतं. तेही गेलं." पुढे कितीतरी वर्षांनी ती परत आली. तोवर बाबा निवृत्त झाले होते आणि मी इथे, नेदरलँडमधल्या बेस्ट नावाच्या गावात, येऊन राहिलो होतो.

इथे आलेल्यांना पुढचं सांगायला नको, पण तिकडच्या वाचकांसाठी लिहितो. बाहेरून कामासाठी बोलावलेल्या माणसाच्या पगाराचा तीस टक्क्यांपर्यंतचा भाग इथलं सरकार काही वर्षं करमुक्त ठेवतं. त्याला आम्ही सगळे 'थर्टी पर्सेंट रूलिंग' म्हणतो. कुठल्याही मराठी घरी नवीन माणूस आला की पहिल्या चहात विचारतात, घर मिळालं का आणि रूलिंग मिळालं का. मला रूलिंग मिळाल्याचं पत्र आलं, त्या रविवारी मी उत्साहानं घरी फोन केला.

"कशाबद्दल देतात पण?" बाबांनी विचारलं.

"स्वतःचा देश सोडून आल्यामुळे जो जास्तीचा खर्च होतो ना, त्याबद्दल."

"खर्च दाखवावा लागतो?"

"नाही. सरसकट आहे."

बाबा म्हणाले, "बरोबर आहे. घर सोडल्याची पावती कोण देणार?"

मी हसलो. चांगला विनोद म्हणून पुढे दोन-तीन जणांना सांगितलाही. मग बाबांनी विचारलं, मुदत किती. मी म्हटलं, आठ वर्षं. आणि कुणी काही विचारलेलं नसताना पुढे म्हणालो, "ते संपलं की आम्ही परत येऊ बाबा. त्यानंतर इथे राहण्यात अर्थ नाही." शेजारी बसलेल्या वैशालीनं मान हलवली. आम्ही दोघं खोटं बोलत नव्हतो. त्या वर्षी ते खरंच होतं. बाबांनी पत्राची प्रत ईमेलवर मागवून घेतली. मला वाटलं, क्लार्कची सवय.

दोन-तीन वर्षांनी इथल्या सरकारनं आठ वर्षांची पाच वर्षं केली. ज्यांना आधीच आठ वर्षांचं पत्र दिलं होतं, त्यांचीही. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. अर्ज झाले, सह्या झाल्या, कुणी एक्सेल शीट बनवून फिरवली. मीही चिडलो होतो आणि त्याच तिरीमिरीत घरी फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं आधी."

"काय तीन वर्षं आधी?"

उत्तराऐवजी मागून आईचा आवाज आला, "काय म्हणतोय हो?" आणि बाबांचा, फोनपासून जरा लांबून, "लवकर येणार म्हणतोय."

मी असं काही म्हटलं नव्हतं. पण मी ते खोडूनही काढलं नाही. अख्ख्या नेदरलँडमध्ये ज्या बातमीनं आम्हा लोकांची तोंडं उतरली होती, तिच्यामुळे चिंचवडच्या एका फ्लॅटमध्ये त्या दिवशी शिरा झाला, असं आईनं नंतर सांगितलं. माझ्या गुन्ह्यांची सुरुवात मी या शिऱ्यापासून धरतो.

पाच वर्षं झाली. तोवर आमची ईरा चार वर्षांची होऊन इथल्या शाळेत जायला लागली होती. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ती डचमध्ये उत्तर द्यायची आणि उत्तर बरोबर असायचं. वैशालीला जवळच्या आइंडहोवन शहरात नोकरी लागली होती. रूलिंग संपलं तेव्हा पगार कमी हातात आला आणि त्याच्या दोन महिने आधी आम्ही बेस्टमध्येच घर घेतलं होतं. कर्ज देणारा माणूस कॉफी पुढे सरकवत म्हणाला होता की व्याजाची वजावट मिळते. एक वजावट संपली, दुसरी सुरू झाली. पहिली घर सोडल्याची होती आणि दुसरी घर धरल्याची, हे तेव्हा सुचलं असतं तर सही करताना हात थांबला असता का, मला माहीत नाही. बहुधा नसता.

घरी मी चार महिने सांगितलं नाही. भाड्याचं घर बदललं, एवढंच म्हटलं. शेवटी ईरानंच व्हिडिओ कॉलवर टॅब घेऊन सगळ्या खोल्यांतून धावत आजोबांना सांगितलं, "आजोबा, हे आपलं घर! पपानं विकत घेतलं!" पडद्यावर आजोबांचा चेहरा होता. तो बदलला नाही. ते म्हणाले, "छान, छान. वास्तुशांत केलीत का रे?"

त्यानंतर परत येण्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही.

या सगळ्या वर्षांत आमचं एकच मोठं बोलणं व्हायचं, जुलैमध्ये. कर विवरणपत्र ऑनलाइन झाल्यापासून बाबांचं रिटर्न मी इथून भरायचो. कोपऱ्यावरचा सीए ते दहा मिनिटांत करून देत होता, पण बाबा म्हणायचे, "मुलगा करतो." एरवी आमचे फोन म्हणजे जेवण झालं का, पाऊस आहे का, थंडी किती. बाबा फोन दोन मिनिटांत आईकडे द्यायचे. पण जुलैतल्या एका रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल पुढे घेऊन, कॅमेऱ्यासमोर बसायचे आणि दीड-दोन तास उठायचे नाहीत. क्रमानं एकेक कागद. विम्याची पावती काढली की, "ही पॉलिसी तू सातवीत असताना घेतली, तुझा हात मोडला होता ते वर्ष." देणगीची पावती काढली की कळायचं, ईराच्या वाढदिवसाला ते दरवर्षी आपल्या जुन्या शाळेच्या वाचनालयाला पुस्तकांसाठी पैसे देतात. मेडिक्लेमच्या पावतीवरून आईच्या गुडघ्याचा विषय निघायचा, आणि मागून आई म्हणायची, "माझा गुडघा कशाला सरकारला सांगताय?" माझ्या आईबापांचं वर्ष मला त्या दोन तासांत कळायचं. माणसाच्या वजावटींवरून त्याचं घर कळतं, हे मी माझ्याच घराबाबतीत अनुभवत होतो. तरी ते काय चाललं आहे हे मला कळत नव्हतं. मी घड्याळ बघत असायचो. वैशाली आणि ईरा सायकली काढून खाली थांबलेल्या असायच्या.

इथे माणसाला कागद विसरायची सवय लागते. खेमेन्तेत, म्हणजे इथल्या पालिकेत, कुठलाही दाखला पुढे केला की खिडकीतली बाई हसून म्हणते, "हूफ्त नीत." गरज नाही. इथलं रिटर्नसुद्धा आधीच भरून येतं. आपण फक्त बघायचं आणि मान्य म्हणायचं. मला ही पद्धत फार आवडायला लागली होती. तिकडेही तसंच होत गेलं. नवी कर प्रणाली आली, पावत्यांच्या बहुतेक वजावटी तिच्यात रद्द झाल्या आणि स्टँडर्ड डिडक्शन पन्नास हजारांवरून पंचाहत्तर झाली, पेन्शनवाल्यांनाही. बाकी आकडे बँकेकडून आपोआप भरून येत होते.

त्या वर्षी मी रविवारची वाट पाहिली नाही. कामाच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमधूनच लॉगिन केलं, दोन्ही पद्धतींनी पडताळून पाहिलं आणि नवी फायद्याची निघाली तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं. शेवटी बाबांच्या मोबाइलवर सहा आकडी ओटीपी जाणार होता, तेवढ्यासाठी फोन केला.

"बाबा, एक मेसेज आला असेल. आकडा सांगा फक्त."

"थांब, फाइल घेतो."

"फाइल लागत नाही बाबा यंदा. तुमची स्टँडर्ड डिडक्शन वाढलीय, पावत्या काहीच नकोत. सगळं भरून झालंय. फक्त ओटीपी."

त्यांनी चष्मा शोधला. मग एकेक आकडा सावकाश वाचला. सहावा आकडा मी टाइप केला आणि पडद्यावर हिरवी खूण आली.

"झालं बाबा."

"झालं?"

"झालं. बघा किती सोपं केलंय."

"हो, सोपं केलंय खरं," बाबा म्हणाले. "मग... ठेवू?"

मी हो म्हटलं. साडेचार मिनिटांचा फोन.

डिसेंबरात आम्ही तीन आठवड्यांसाठी घरी गेलो. पहिल्याच दिवशी चहा देताना बाबांच्या हातातली बशी वाजली. आईनं ती पटकन धरली आणि विषय बदलला. संध्याकाळी बाबा ईराला घेऊन खाली फिरायला गेले तेव्हा आईनं मला सांगितलं. कंपवात आहे, सुरुवात आहे, एप्रिलपासून गोळ्या चालू आहेत.

"एप्रिलपासून? मला सांगितलं का नाही?"

"ते म्हणाले, मी सांगतो. तू मध्ये बोलू नकोस. जुलैत नंदूशी बोलणं व्हायचंच आहे, तेव्हा ओघात सांगतो, म्हणजे तो घाबरणार नाही." आई पदरानं टेबलाची कड पुसत होती, जिथे काही सांडलेलं नव्हतं. "आठ दिवस आधीपासून फाइल काढून ठेवली होती रे त्यांनी. तुझा फोन झाला, मग फाइल परत कपाटात ठेवली. मी विचारलं, सांगितलंत का? तर म्हणाले, यंदा कागद लागले नाहीत."

मी कपाट उघडून फाइल काढली. मला दिली होती तशीच, निळ्या पुठ्ठ्याची. दर वर्षाची अनुक्रमणिका वेगळी. पानं उलटत गेलो तसं बाबांचं अक्षर बारीक होत गेलं. ज्या अक्षरात शाळेचे दाखले लिहिले जायचे ते शेवटच्या पानावर मुंगीएवढं झालं होतं आणि ओळ खाली उतरत होती. मेडिक्लेमच्या मागे न्यूरॉलॉजिस्टच्या फीची पावती टॅगला लावलेली होती. ती पावती बाबांच्या कुठल्याच वजावटीत बसत नव्हती, जुन्या पद्धतीतही नाही, आणि हे बाबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. अनुक्रमणिकेत तिच्यासमोर शेरा होता: 'नंदूला सांगणे.'

फाइलच्या अगदी तळाशी, सगळ्यांत जुना कागद म्हणून, माझ्या रूलिंगच्या पत्राची छापील प्रत होती. डच त्यांना वाचता येत नव्हतं, पण तारखा वाचता येत होत्या. मुदत संपण्याची तारीख लाल शाईनं खोडून तिच्यावर तीन वर्षं अलीकडची लिहिली होती. ती तारीख उलटूनही आता काही वर्षं झाली होती. त्या वर्षीच्या अनुक्रमणिकेत, शेऱ्याच्या रकान्यात, त्यांचा ऑफिसातला जुना शब्द होता: 'प्रलंबित.'

बाबा आणि ईरा वर आले तेव्हा मी फाइल जागेवर ठेवली होती. त्यांच्या आजाराबद्दल बोललो. डॉक्टरांना भेटलो, गोळ्यांची नावं लिहून घेतली. "अरे, तू ऑफिसात होतास तेव्हा," एवढंच ते म्हणाले, जुलैत का सांगितलं नाही हे मी विचारलं नसतानाच. तळाच्या कागदाबद्दल मात्र तीन आठवड्यांत माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. परत निघताना त्यांनी मला पंच मध्यावर मारायला सांगितलं नाही. मी मनात त्या वाक्याची वाट बघत होतो.

यंदाच्या जुलैत मी आधीच फोन करून ठेवला. रविवारी, तुमच्या दुपारी, फाइल घेऊन बसा. ठरल्या वेळी बाबा पडद्यावर आले, इस्त्रीच्या शर्टात. वरचं बटण आईनं लावलेलं दिसत होतं. ईरा माझ्या शेजारी येऊन बसली, तिला हवं म्हणून. आम्ही पहिल्या कागदापासून सुरुवात केली. विमा. माझा मोडलेला हात ईरानं पहिल्यांदाच ऐकला आणि डचमध्ये तीन प्रश्न विचारले. मी ते मराठीत केले, बाबांनी उत्तरं दिली. तासभर असं चाललं होतं. मग बाबा थांबले आणि म्हणाले, "नंदू, यातलं काही लागत नाही हे मला कळतं बरं का. क्लार्क होतो मी."

"माहीत आहे बाबा."

"मग?"

"मला लागतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. हात थरथरत होता म्हणून जरा वेळ लागला. मी तेवढ्यात म्हटलं, "बाबा, तळाचा कागद काढा." त्यांनी तो शोधला नाही. सरळ मागून काढून समोर धरला. कुठे आहे हे त्यांना पाठ होतं.

मी गेली कित्येक वर्षं ते वाक्य कसं म्हणायचं याची तयारी करत होतो. प्रत्यक्षात ते फार छोटं निघालं. "आम्ही परत येणार नाही बाबा. मी शब्द दिला होता. रूलिंग संपायच्या आधीच मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही. तुम्ही वाट बघितलीत."

आई पडद्याच्या कडेला उभी होती. ती आत निघून गेली आणि लगेच परत आली. ईरा माझ्याकडे बघत होती. तिला मराठी सगळं कळतं.

बाबा म्हणाले, "वाट बघितली. बघणारच. पण मी पावती मागितली होती का कधी?"

मी नकारार्थी मान हलवली.

"थांब जरा," ते म्हणाले. त्यांनी पेन घेतलं, अनुक्रमणिकेचं जुनं पान उलटून काढलं आणि लिहायला लागले. बेस्टमधल्या माझ्या स्वयंपाकघरातून मला त्यांचं फक्त डोकं आणि हलणारा खांदा दिसत होता. एका शब्दाला इतका वेळ लागताना मी कधी पाहिलं नव्हतं. घड्याळाकडे मी बघितलं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी पान कॅमेऱ्यासमोर धरलं. 'प्रलंबित' एका रेघेनं खोडलं होतं. शेजारी मुंगीच्या अक्षरात होतं: 'निकाली.'

"आता मेडिक्लेम घेऊ?" बाबा म्हणाले. "गुडघ्याचं बरंच आहे यंदा."

"अहो," आई म्हणाली.

इकडे आलेल्यांनो, आणि तिकडे थांबलेल्यांनो, घर म्हणजे काय हे मला इतकी वर्षं पत्त्यावरून ठरवता येत नव्हतं. आता थोडं कळतं. इथे माझ्या नावावर घर आहे, त्याचे सगळे कागद मी बाबांनी दिलेल्या फाइलमध्ये, पंच मध्यावर मारून ठेवले आहेत. आणि तिथे एक घर आहे, जिथे माझ्या नावावर काही नाही, मी शब्द मोडला आहे, आणि तरीही जुलैतल्या एका दुपारी माझ्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातला जातो. तिथे मला काहीच सिद्ध करावं लागत नाही. म्हणून तर जे होतं ते सांगता आलं.

रिटर्न त्या दिवशी भरलंच नाही. ओटीपीसाठी पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं ठरलं आहे. फाइल घेऊन.